पन्नास घरांच्या बोअरला शहराइतकीच तपासणी हवी का?

झरा:
हवीच. लोक ते पाणी पितात, मग घरं किती ते कशाला मोजायचं? ‘जमिनीतून गाळून आलेलं पाणी, त्याला काय धाड भरलीय’ म्हणणाऱ्यांनी कॅनडातलं वॉकरटन आठवावं. मे २००० मध्ये जोरदार पावसाने शेणखतातले जंतू उथळ विहिरीत उतरले. ७ जण दगावले, दोन हजारांवर आजारी पडले. क्लोरीनच्या नोंदी खोट्या होत्या, हे नंतर उघड झालं.

शंकासूर:
म्हणजे नोंदवही होती, तरी माणसं मेलीच! लहान योजनेवर शहराइतक्या चाचण्या लादल्या की ती बंद पडणार आणि जो तो आपापला बोअर मारणार. त्यांच्याकडे कोण बघणार?

कळशी:
न्यूझीलंडच्या हॅवलॉक नॉर्थमध्ये भूजल सुरक्षित मानून क्लोरीन घालतच नव्हते. ऑगस्ट २०१६ मध्ये मेंढ्यांच्या विष्ठेतले जंतू विहिरीत गेले, पाच हजारांवर लोक आजारी. चौकशीनंतर वेगळी नियामक संस्थाच उभी करावी लागली.

शंकासूर:
क्लोरीनचा वास कोणाला हवाय? ज्याला भीती वाटते त्याने उकळून प्यावं.

झरा:
उकळून जंतू मरतील. नायट्रेट आणि आर्सेनिक मात्र तसेच राहतात, पाणी आटलं की उलट दाट होतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नायट्रेटला लिटरमागे ५० मिलिग्रॅम, आर्सेनिकला १० मायक्रोग्रॅम. दोन्हींना ना रंग, ना वास. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात दूध कालवून पाजलं तर तान्हं बाळ निळं पडू शकतं. हे घरच्या घरी कसं ओळखणार, सांगा.

पंपवाला:
तुम्ही दोघंही अहवालावरच भांडताय. मी अशी एक योजना सात वर्षं चालवली. दरवर्षी ‘पिण्यास योग्य’ असा अहवाल यायचा, कारण नमुना कडक उन्हाळ्यात घेतलेला! केसिंगभोवतीचं (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपभोवतीचं) सिमेंट फुटलं होतं, पावसाचं पाणी तिथून थेट आत. मोठ्या पावसानंतर नमुना घ्या, बोअरचं तोंड बघा, शेवटच्या नळाला रोज क्लोरीन तपासा. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की धावपळ करायची. याला प्रयोगशाळा लागत नाही, साधा रंग बघायचा संच पुरतो. (मी तो स्वतःच्या पैशाने आणला होता, असो.)

शंकासूर:
एवढं असेल तर माझी ना नाही. पण रोज शेवटच्या नळापर्यंत जाणाऱ्याला पगार कोण देणार, ते आधी ठरवा.