पुण्याच्या वेताळ टेकडीवर सिमेंटच्या पायऱ्या नकोत, आणि ग्लिरिसिडियाला जंगल म्हणू नका

गणेर
काल इथे ‘रोज सहा वाजता’ या नावानं लिहिणाऱ्या काकांनी लिहिलं: ‘टेकडी उन्हाळ्यात उजाड दिसते. ग्लिरिसिडिया काढायच्या गोष्टी बंद करा, निदान तेवढं तरी हिरवं आहे. आणि वर येणाऱ्या वाटांना सिमेंटच्या पायऱ्या, कठडे करून घ्या.’ यातलं एकही वाक्य मला सोडून देता येत नाही.

आधी हिरवाई. ग्लिरिसिडिया हे झाड मध्य अमेरिकेकडचं. मळ्यात सावलीला आणि हिरवळीच्या खताला उत्तम, त्याबद्दल भांडण नाही. इकडे टेकड्यांवर ते लागलं कारण फांदी रोवली तरी जगतं, भराभर वाढतं आणि शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. पण ते उन्हाळ्यात हिरवं राहतं? फेब्रुवारीत पानं गाळून गुलाबी फुलतं आणि नंतर नुसत्या काठ्या उभ्या असतात. हिरवं दिसतं ते पावसाळ्यात, आणि नेमकं तेव्हाच गवताला ऊन हवं असतं. त्या दाट सावलीत कुसळी, पवन्या, मारवेल तग धरत नाहीत. गवत गेलं की तित्तिरानं अंडी कुठे घालायची?

आपली टेकडी माळाची आणि विरळ झाडीची. सालई, मोई, धावडा, मेडशिंगी. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, तशीच ती असायला हवी. पहिल्या पावसानंतर त्याच ‘उजाड’ मुरमातून मुसळी आणि कळलावी वर येते.

आता वाट. सरळ उतारावरून चढणारी वाट पावसात ओढा होते. लोक चिखल चुकवायला कडेनं चालतात आणि दोन फुटांची वाट दहा फुटांची होते. तिथे सिमेंट ओतलं तर पाणी आणखी वेगानं खाली येईल आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजू खणून काढेल. वाट उताराला तिरकी वळवा, ठरावीक अंतरावर दगड आडवे रोवून पाणी बाजूला काढा, चोरवाटांवर काट्या टाका. काम कष्टाचं आहे, पण टिकतं.

रोज सहा वाजता
तुमचं वय काय? माझं ७१. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये ओल्या मुरमावरून घसरलो, मनगट मोडलं, तीन महिने हातानं जेवता येत नव्हतं. तुमचं गवत माझ्या मनगटापेक्षा मोठं नाही. टेकडी आमचीही आहे.

आणि पक्ष्यांचं मला शिकवू नका. दर जूनमध्ये मी नवरंगाची शीळ ऐकतो, आणि ऐकतो ती ग्लिरिसिडियाच्याच झाडीतून. उद्या सगळं सपाट केलंत तर तो कुठे जाईल?

पाषाणकर
काका, मनगटाचं वाईट वाटलं. पण दगडाची नीट बसवलेली पायरी सिमेंटइतकीच घट्ट असते, आणि शेवाळलेल्या सिमेंटवरूनही माणूस घसरतोच.

माझा राग वेगळाच आहे. दर ५ जूनला, पर्यावरण दिनी, लोक चांगल्या गवतात खड्डे पाडून वड-पिंपळ लावतात, फोटो काढतात. मग उन्हाळाभर आम्ही आठ-दहा जण कॅन भरून पाणी वर नेतो. माळाला ‘पडीक’ म्हणायची ही सवय आधी सोडा.

गोखलेनगरची
कुत्र्यांबद्दल कुणी का बोलत नाही? ग्लिरिसिडिया एका दिवसात पक्षी मारत नाही. मागच्या सप्टेंबरात माझ्या डोळ्यांसमोर एका पाळीव कुत्र्यानं लांडोरीच्या पिल्लांमागे धाव घेतली. चार पिल्लं होती, परत आली तेव्हा तीनच. मालक म्हणाले, ‘तो खेळतोय.’

शेरूची आई
म्हणजे आता आम्ही गुन्हेगार? शहरात कुत्र्याला पळायला एक मैदान नाही. शेरूनं आजवर एका पक्ष्याला तोंड लावलेलं नाही. भटक्या टोळ्या दिवसरात्र वर असतात, त्यांना काही म्हणा की.

गोखलेनगरची
त्या टोळ्या वर टिकतात त्या बिस्किटं टाकणाऱ्यांमुळे. खायला घालायचंच असेल तर खाली वस्तीत घाला. आणि टिटवी जमिनीवर अंडी घालते. शेरूनं तोंड लावलं नाही तरी त्याच्या धाकानं ती अंड्यांवरून उठली, तर एप्रिलच्या उन्हात अंडी किती वेळ टिकतील?

शेरूची आई
बिस्किटं मीही टाकते आणि टाकत राहीन. त्यातल्या सहा कुत्र्यांची नसबंदी मी स्वतःच्या खर्चानं केली आहे. २०२३ च्या नियमांप्रमाणे ती उचलली होती तिथेच परत सोडावी लागतात. तुम्ही किती केल्यात?

पाषाणकर
ताई, सहा नसबंद्या ही मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल बोलणार नाही. पण गेल्या वर्षी त्याच टोळीनं माझ्या मुलीला घेरलं होतं. नऊ वर्षांची आहे. तेव्हापासून ती टेकडीवर येत नाही. हे मी कुणाला सांगू?

शेरूची आई
मुलीचं वाचून खरंच वाईट वाटलं. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत शेरूला पट्टा लावेन. एवढंच. बिस्किटांबद्दल माझं मत बदललेलं नाही.

गणेर
कुत्र्यांवर वेगळं बोलू या, नाहीतर वाट तशीच राहील.

काका, नवरंगाचं तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागेल. मीही त्याला तिथेच ऐकलंय. झाडी एकदम काढली तर तो जाईल. शिवाय ग्लिरिसिडिया नुसतं तोडून मरत नाही, बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात, सलग काही वर्षं ते खुडावे लागतात. म्हणून लहान पट्ट्यांत, पावसाळा उलटल्यावर, मध्ये जुनी झाडी राखून काढायचं. मोकळ्या जागेत आधी गवत येऊ द्यायचं, झाडं नंतर, आणि तीही इथल्याच बियांची. सिमेंटच्या पायऱ्यांना मात्र माझा विरोध कायम आहे.

रोज सहा वाजता
पट्ट्यापट्ट्यानं काढणार असाल तर मी आडवा येणार नाही. पण वळणावरचा तो घसरडा दहा-बारा पावलांचा तुकडा दगडानं बांधा, आणि एका बाजूला हाताला धरायला काहीतरी ठेवा. लाकडाचं चालेल. ते होईपर्यंत मी सिमेंटच मागत राहणार.