कॉर्ड ब्लड बँकिंग करावं का? मदत हवी आहे

मला आठवा महिना चालू आहे आणि प्रायव्हेट कॉर्ड ब्लड बँकवाल्यांचे (जन्माच्या वेळी बाळाच्या नाळेतलं रक्त पुढच्या उपचारांसाठी साठवून ठेवतात ते) सारखे फोन येतायत, बाळाचा आयुष्यभराचा विमाच म्हणे! पण मी वाचलं की थॅलेसेमियासारखा जनुकीय आजार असेल तर बाळाच्या स्वतःच्या स्टेम सेल्समध्येही (नाळेतल्या रक्तातल्या, नव्या रक्तपेशी बनवणाऱ्या पेशी) तोच दोष असतो, मग त्या वापरणार कशा? १९८८ मधलं अशा रक्ताचं पहिलं ट्रान्सप्लांटसुद्धा पेशंटच्या स्वतःच्या नाही, तर त्याच्या बहिणीच्या नाळेतल्या रक्तावरच झालेलं. शिवाय नाळ १ ते ३ मिनिटं उशिरा कापा म्हणतात, बाळाला लोह मिळतं, पण मग साठवायला रक्त कमीच उरणार ना? घरात कुणाला रक्ताचा आजार नाहीये. नवरा म्हणतो करून टाकू, नंतर पश्चात्ताप नको. कुणी केलंय का, आणि सही करण्याआधी त्यांना नेमकं काय विचारायचं?