टॉवर हटवला की रेडिएशन गेलं?

घोडबंदरकर:
आमच्या कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, "गच्चीवरचा टॉवर हटवा, मुलांना वाचवा." राहवलं नाही म्हणून लिहितोय. सप्टेंबर 2012 मध्ये भारताने टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे 0.45 वॅट. हँडसेटची मर्यादा, म्हणजे शरीरात शोषली जाणारी ऊर्जा, शरीराच्या किलोमागे 1.6 वॅट. टॉवर लांब गेला की रेंज पडते आणि कानाशी धरलेला फोन जास्त जोर लावतो. मुलांची काळजी असेल तर आधी त्यांच्या हातातला फोन घ्या.

नौपाड्याची अपर्णा:
एक दशांश कागदावर! कंपनी स्वतःच लिहून देते की सगळं नियमात आहे, सरकार त्यातले थोडेच टॉवर तपासतं. फोनचंही तेच: 2023 मध्ये फ्रान्सने तपासलं तेव्हा आयफोन 12 हातात धरल्यावर किलोमागे 5.74 वॅट भरला, हातापायांसाठीची तिकडची मर्यादा 4. तीन वर्षं विकला जात होता तो. समोरच्या गच्चीवरचा अँटेना आईच्या खिडकीच्या थेट रेषेत आहे. तो बसल्यापासून तिला झोप नाही.

कोलशेत, शेवटचा मजला:
रेडिएशनचं राहू द्या हो. खांबासाठी आमच्या स्लॅबला बोल्ट मारले, तेव्हापासून हॉलच्या छताचे पोपडे पडतायत. पावसाळ्यात सोफ्यावर बादली. भाडं सोसायटीला, गळती मला.

माजी खजिनदार:
काका, त्याच भाड्यातून लिफ्ट बदलली. तेव्हा कुणी हरकत घेतली नाही.

कोलशेत, शेवटचा मजला:
लिफ्ट सगळ्यांची, पाणी माझ्या घरात! वॉटरप्रूफिंगचा ठराव तीन सभा पुढे ढकललात. मिनिट्स काढा, दाखवतो.

माजी खजिनदार:
कोटेशन तुम्हीच अडवलंत. उगाच आरोप करू नका.

घोडबंदरकर:
धाग्याचा विषय गळती नाही. अपर्णाताई, फ्रान्सच्या त्या फोनला सॉफ्टवेअर अपडेट द्यावा लागला, हे खरं. बाहेरच्याने मोजायला हवं, एवढं मान्य. झोत समोर जातो, थेट खाली फारसा नाही, म्हणून तुमच्या खिडकीशी मोजणं रास्त आहे. झोपेचं खापर मात्र मोजल्याशिवाय टॉवरवर फोडू नका. दूरसंचार खात्याच्या तरंग संचार पोर्टलवर पैसे भरून मोजणी मागवता येते. निम्मे मी देतो.

नौपाड्याची अपर्णा:
आईचा फोन आता स्पीकरवर ठेवायला लावते, तेवढं तुमचं ऐकलं. अर्ज आजच करते. आकडा येईपर्यंत टॉवर हटवायच्या अर्जावरची सही मागे घेणार नाही.

कोलशेत, शेवटचा मजला:
ताई, तुमचं मोजून झालं की त्या माणसांना आमच्या गच्चीवरही पाठवा. आणि खजिनदारसाहेब, तेव्हा तुम्हीही या, बोल्ट दाखवतो.