पेशी पहिल्यांदा खरी दिसली तेव्हा

पेशीची आकृती आपण सगळ्यांनीच काढलीय. मधोमध केंद्रक, आत एक ठिपका, कडेला तंतुकणिका, चळत लावल्यासारखे गॉल्गी पिंड आणि उजवीकडे पट्टीने ओढलेल्या रेघांपुढे नावं. आकृती पाठ होती, पण पेशी मात्र एकदाही पाहिली नव्हती. पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावला तर ठसठशीत काळ्या कडेचं सुरेख वर्तुळ दिसलं. मन लावून वहीत काढलं, आत 'पेशीद्रव्य' असंही लिहिलं. बाईंनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हवेचा बुडबुडा छान काढलायस."

मग कांद्याचा पापुद्रा पुन्हा घेतला. आयोडीनचा थेंब टाकला, कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूच सोडली. या वेळी विटांची भिंत दिसली, आणि प्रत्येक विटेत एक पिवळसर तपकिरी टिकली. पण टिकली मध्ये नव्हतीच, कडेला चिकटलेली! नाव केंद्रक आणि बसलंय कोपऱ्यात. आतली भलीमोठी रिक्तिका, म्हणजे रसाने भरलेली पिशवी, जवळपास सगळी जागा खाते आणि बाकीच्यांना भिंतीशी रेटते, हे नंतर कळलं. तंतुकणिका, गॉल्गी वगैरे मंडळी तर कुठेच नाहीत.

तुमचं सांगा. पेशी पहिल्यांदा खरी कधी भेटली, आणि आकृतीतलं काय खोटं ठरलं? फार शास्त्रीय नको, फेकाफेकही नको.

* * *

तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे बुडबुडे काढणारी तुमच्यासारखी बरीच मुलं पाहिलीत. दुसरा नंबर पापण्यांचा. स्वतःच्याच पापणीचे केस काढून 'तंतू' म्हणून दाखवणारे दरवर्षी भेटायचे. आणि मोठं भिंग लावून मोठाच स्क्रू फिरवणारे वीर. कच्च असा आवाज आला की मागे न बघताही कळायचं, स्लाइड गेली.

गालाच्या आतून काडीने हलकं खरवडायचं आणि मिथिलिन ब्लू टाकायचं, हा माझा आवडता तास. स्वतःच्या पेशी दिसल्या की वर्गातली सर्वांत दंगेखोर बाकंही गप्प. कडा वेड्यावाकड्या, कुठे दुमडलेल्या. वनस्पतीसारखी पेशीभित्तिका नाही, नुसतं पातळ पटल, मग तो चौकोनी टापटीपपणा येणार कुठून?

तेव्हा मी मुलांना सांगायचे, तुम्ही रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञापेक्षा जास्त पाहिलंत. त्याने 1665 मध्ये बुचाच्या कापात पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. एका घन इंचात अशा किती खोल्या मावतील याचा हिशोबही त्याने केला होता: 1,25,97,12,000. पण खोलीत राहणारं कुणी त्याला त्या बुचात भेटलं नाही.

* * *

हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान. दिव्याखाली जरा वेळ ठेवलं आणि हिरवे ठिपके चालायला लागले! हरितलवकं भिंतीच्या कडेकडेने, एकामागून एक, कोपरा आला की वळून पुढे. मला वाटलं टेबल हलतंय. टेबल धरलं, तरी चालूच. आकृतीत सगळं जागच्या जागी असतं, त्यामुळे पेशीच्या आत हालचाल असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

* * *

मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. शिकताना पहिला स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला पातळ थर, स्वतःच्याच रक्ताचा. थेंब ठेवायचा, दुसरी स्लाइड तिरकी टेकवायची, थेंब कडेला पसरला की एका झटक्यात पुढे ओढायची. हात कापला की जाडा थर. माझे पहिले सात-आठ वायाच गेले.

जमला तेव्हा गुलाबी चकत्यांचा सडा दिसला आणि मी केंद्रकं शोधत बसले. एकीतही नाही. मला वाटलं स्टेन बिघडला. आमच्या सीनियर ताई हसल्या, "अगं, लाल पेशीला केंद्रक नसतंच." वाचलेलं होतं, पण दिसेपर्यंत पटलेलं नव्हतं. तयार होताना ती केंद्रक बाहेर टाकते. ऑक्सिजन वापरून ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिकाही राहत नाहीत, म्हणजे शरीरभर ऑक्सिजन पोचवते पण स्वतः वापरू शकत नाही! निव्वळ हिमोग्लोबिनची पिशवी, रुंदी 7 ते 8 मायक्रॉन, आयुष्य साधारण 120 दिवस. नवी प्रथिनं बनवता येत नाहीत, त्यामुळे झीज झाली की डागडुजी नाही.

पुढे एकदा पक्ष्याच्या रक्ताची स्लाइड पाहायला मिळाली. लाल पेशी लांबट आणि प्रत्येकीत ठळक केंद्रक. केंद्रक टाकून देणं ही मुख्यतः सस्तन प्राण्यांचीच तऱ्हा. प्लेटलेट्सना तर लोक सर्रास पेशी म्हणतात, पण ते अस्थिमज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचे सुटलेले तुकडे. हे सांगितलं की घरचे मला शिष्ट म्हणतात.

* * *

'श्लायडेन-श्वान' हे मी बरीच वर्षं एकाच माणसाचं जोडआडनाव समजत होतो. 1838 मध्ये श्लायडेन म्हणाला, वनस्पती पेशींच्याच बनलेल्या असतात, 1839 मध्ये श्वानने तेच प्राण्यांना लावलं, आणि पेशी सिद्धांत झाला, दोन गुण. या दोघांना पेशी कशी जन्मते हेच चुकीचं वाटत होतं, हे पुस्तकात नव्हतं. द्रवात स्फटिक धरावा तशी पेशी नव्याने धरते, असं त्यांचं मत. पेशी दुभंगून पेशी होते हे रॉबर्ट रेमाक सांगत होता, पण ते 'पेशीपासूनच पेशी' या ठसकेबाज लॅटिन सूत्रात 1855 मध्ये मांडलं रुडॉल्फ विरशॉने आणि नावही त्याचंच झालं. याचा मला अजून राग येतो.

माझा अनुभव कॉलेजातला. कांद्याच्या मुळाचं टोक, थोडं आम्ल, रंग, ज्योतीवर जरा ऊब, मग कव्हरस्लिपवर अंगठा दाबायचा. दाबताना अंगठा घसरला तर सगळं लोळागोळा. तीन दिवस माझा लोळागोळाच. चौथ्या दिवशी एका पेशीत गुणसूत्रांचे दोन जुडगे एकमेकांपासून ओढले जाताना सापडले, टोकं मागे लोंबत होती. कांद्याची गुणसूत्रं 16, पण मोजायला गेलो तर बारापुढे गुंता. सरांना हाक मारली. ते येईपर्यंत कुणीतरी टेबलाला धक्का दिला आणि ती पेशी हरवली. पुन्हा सापडली नाही.

* * *

ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी बाजू, वर मिठाचं पाणी. रंग भिंतीपासून सुटून मध्ये गोळा झाला. रससंकोच, म्हणजे पाणी बाहेर गेल्याने पेशीतला ऐवज आकसणं. साधं पाणी दिल्यावर काही पेशी पुन्हा भरल्या, काही नाही. न भरलेल्या माझ्यामुळे मेल्या, याचं उगीच वाईट वाटलं.

* * *

मी पेशी वाढवते, म्हणजे फ्लास्कमध्ये. 37 अंश तापमान, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, गुलाबी-लाल पोषक द्रव. एका सोमवारी उबवणपेटी उघडली तर द्रव पिवळा आणि गढूळ. जिवाणू घुसले होते. दोन महिन्यांचं काम ब्लीचमध्ये ओतलं. चूक माझीच, झाकण उघडं ठेवून शेजारणीशी बोलत होते.

निरोगी पेशी शेजारणीला टेकल्या की वाढायच्या थांबतात. कर्करोगाच्या थांबत नाहीत, एकमेकींवर चढतात. हे भिंगातून पाहिल्यापासून तो शब्द मला वेगळा ऐकू येतो.

* * *

सगळे 'दिसली' म्हणताहेत म्हणून लिहिते. मी दृष्टिहीन मुलांना शिकवते. शाडूची मोठी अर्धी वाटी, आत मण्यांच्या तंतुकणिका, मातीचा चेंडू म्हणजे केंद्रक, असं मॉडेल केलं. एका मुलीने बोटं फिरवली, चेंडूच्या खाली नेली आणि विचारलं, "बाई, हे कशावर ठेवलंय?"

मी म्हटलं, पेशीद्रव्यात तरंगतं. "मग पेशी हलली की हे एका बाजूला जात नाही?"

आकृती पाहत वाढलेल्या मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. घरी जाऊन वाचलं. पेशीत प्रथिनांच्या तंतूंचं जाळं असतं, पेशीचा सांगाडाच म्हणा. ते केंद्रकाला जागेवर धरतं, आणि मालाची ने-आणही त्याच्यावरूनच चालते. आमच्या आकृतीत त्याची एक रेघही नव्हती. दुसऱ्या दिवशी चेंडूपासून वाटीच्या कडेपर्यंत लोकरीचे धागे ताणून बसवले. तिने एकेक धागा चाचपला, एक सैल लागला तो मला ओढून घट्ट करायला लावला.