देशाने सही केली तरी बेटाला करार वेगळा का लावावा लागतो?

आटपाडीचा कंडक्टर:
नात सांगलीला एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला. परवा जेवताना म्हणाली, "आजोबा, ब्रिटनने संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार १९८८ ला स्वीकारला, मग आइल ऑफ मॅनला १९९२ पर्यंत का लागला नाही?" मी जन्मभर एसटीत तिकिटं फाडली, मला काय ठाऊक! ते बेट ब्रिटनचंच ना? सोप्या भाषेत सांगा कुणीतरी, पोरीपुढं लाज राखा.

साताऱ्याचा काळा कोट:
काका, बेट ब्रिटिश राजमुकुटाचं, पण ब्रिटनचा भाग नाही. त्यांचं स्वतःचं विधिमंडळ आहे, टिनवॉल्ड. पोलीस, तुरुंग, कर त्यांचे. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडनकडे. म्हणजे सही लंडनची, पण कोठडीची किल्ली बेटाच्या कनवटीला. म्हणून आधी बेटाची संमती, तिथला कायदा करारात बसतो का ते बघणं, आणि मग लंडनने संयुक्त राष्ट्रांना कळवणं. जर्सी, गर्न्सी या तशाच बेटांचंही १९९२ च्या डिसेंबरातच झालं.

आता बेटाचा कायदा करारात बसत नाही म्हणजे काय, त्याची खरी गोष्ट, दुसऱ्या एका कराराची. बेटावर पोरांना बर्चच्या फोकांनी मारायची शिक्षा होती. १९७२ साली १५ वर्षांच्या एकाला तीन फटके दिले. दोन पोलिसांनी धरलं, तिसऱ्याने मारलं. बाप तिथंच होता. तिसऱ्या फटक्यानंतर तो पोलिसाच्या अंगावर गेला, त्याला आवरावं लागलं. युरोपचा मानवी हक्क करार तेव्हा बेटाला लागू होता, पण अशा प्रदेशांत 'स्थानिक गरजा' बघाव्यात असं त्यात एक कलम. बेटाने तेच धरून ठेवलं: आमच्या लोकांना ही शिक्षा हवीय. १९७८ ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते मानलं नाही. तरी कायद्याच्या पुस्तकातून ती जायला १९९३ उजाडलं.

तासगावकर:
निरगुडीच्या फोकाने हात सुजवून घेतलेली आमची पिढी. तीन फटक्यांना छळ म्हणायचं?

साताऱ्याचा काळा कोट:
न्यायालयानेही छळ म्हटलं नाही. 'अपमानास्पद शिक्षा' म्हटलं. गुरुजी रागाने मारत. इथं निकाल लागल्यावर सरकारने ठरवून, कपडे उतरवून, टेबलावर वाकवून मारलं.

आटपाडीचा कंडक्टर:
आता कळलं. आमचं औंध संस्थान असंच होतं की, घरचा कारभार राजाचा, बाहेरचं सगळं गोऱ्या साहेबाचं! पण आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला राजाने कैद्यांची खुली वसाहत काढली, १९३९ च्या सुमाराला. भिंत नाही, कैदी शेती करायचे. वडील सांगायचे, बाजारात कैदी भेटला तर ओळखू यायचा नाही. त्याला कुणाची सही लागली नाही, बघा.

कुपवाडची वहिनी:
काका, बेटाचं झालं. नातीला आता आपलं विचारा. भारताने छळविरोधी करारावर १९९७ च्या ऑक्टोबरात सही केली, पण मान्यता, म्हणजे करार स्वतःवर बंधनकारक करून घेणं, अजून दिलेली नाही. त्यासाठीचं विधेयक २०१० ला लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि बारगळलं. २०१७ ला सांगलीच्या पोलीस कोठडीत अनिकेत कोथळेचा मृत्यू झाला, ते इथल्या कुणाला सांगायला नको.

आटपाडीचा कंडक्टर:
विचारलं वहिनी. ती म्हणाली, "उद्या सरांना विचारते," आणि ताट घेऊन उठली.