घोडेस्वारीच्या स्पर्धा घरबसल्या ‘लाईव्ह’ दाखवाव्यात का?

अजिंक्यताऱ्याखालचा
साताऱ्याजवळच्या एका रायडिंग स्कूलची शो-जंपिंग (दांड्यांच्या अडथळ्यांवरून घोडा उडवायचा) स्पर्धा थंडीत आहे. संयोजनात माझाही हात आहे. स्पर्धा यूट्यूबवर लाईव्ह दाखवा म्हणून मी मागे लागलोय, पण समितीतले निम्मे लोक विरोधात. म्हणून इथे मांडतो.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमक्या करून घ्यायच्या, गुण टक्क्यांत) संघानं सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२ नंतर पहिल्यांदाच, आणि चौघांतला हृदय छेडा मुंबईचा. पेपरात फोटो आला, लोकांनी फॉरवर्ड केला, संपलं. ६० बाय २० मीटरच्या आखाड्यात घोडा नेमकं काय करत होता, टक्के कशाचे देतात, हे आमच्या गल्लीत कुणालाच सांगता येईना. बघितलंच नाही तर कळणार कसं?

बैलगाडी शर्यतीचं मैदान असलं की दुकानात, एसटीत, उसाच्या फडात मोबाईलवर लाईव्ह चालू असतं. गट, सेमी, फायनल, झेंडापंच, सगळं म्हाताऱ्या माणसांनाही पाठ. मग घोड्याचं वावडं का? समालोचन मराठीत ठेवा. दांडी पडली की ४ पेनल्टी, घोडा अडला की ४, दुसऱ्यांदा अडला की बाद, स्वार पडला तरी बाद. एवढं कळलं तरी माणूस जागचा हलत नाही.

मिरजेची आई
दादा, माझा सरळ विरोध आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची, तुमच्यासारख्याच एका स्कूलमध्ये शिकते. घोड्यावरून पडणं हा शिक्षणाचाच भाग, हे सर पहिल्या दिवशी सांगतात आणि आम्हाला मान्य आहे. पण पडलेली मुलगी पाच सेकंदांच्या रीलमध्ये, वर हसण्याचा आवाज चिकटवून, वर्गाच्या ग्रुपवर फिरली तर? ती पुन्हा रिकिबीत पाय घालेल का, ते तुमचा समालोचक सांगणार नाही. बैलांच्या मैदानात गाडीवर जाणती माणसं असतात. तुमच्याकडे निम्मे स्वार शाळकरी. आजी-आजोबांना दाखवायचंय ना, मग लिंक फक्त पालकांना द्या.

अजिंक्यताऱ्याखालचा
ताई, बघणारे पालकच असतील तर प्रायोजक कशाला फिरकेल? खुराक, नालबंदी, डॉक्टर, शिवाय घोडा ने-आण करायची गाडी. हा खर्च बाहेरून निघाला नाही तर हा खेळ कायम पैसेवाल्यांच्या पोरांचाच राहणार. मला तेच मोडायचंय.

मैदान_कॅमेरा, विटा
मी मैदानं लाईव्ह करतो. धंद्याचं बोलतो, राग मानू नका. बैल सुटले की मिनिटाच्या आत निकाल. जंपिंगमध्ये एक स्वार येणार, उड्या मारणार, मग पडलेल्या दांड्या लावायच्या, मग पुढचा. मधल्या वेळात बघणारा पळतो. आमच्याकडचा समालोचक न्या. घोड्याच्या आईबापापासून मालकाच्या गावापर्यंत सगळं सांगून तो वेळ भरून काढंल. हसू नका, निम्मे लोक त्याच्यासाठीच थांबतात. आणि रेंज आधी तपासा. डोंगराकडेला एकाच सिमवर बसलात तर फायनललाच चक्री फिरत बसंल.

टेबललँडचा घोडेवाला
ड्रोन आणणार असाल तर माझी घोडी येणार नाहीत, आधीच सांगतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. शेपटीमागचा आणि कपाळासमोरचा थोडा भाग सोडला तर त्याला चहूकडचं दिसतं, पण वर घोंघावणारं काय आहे ते उमगत नाही. पाचगणीत पर्यटक ड्रोन उडवतात तेव्हा शहाणी घोडीसुद्धा बिथरते.

जमिनीवरचा कॅमेरा मात्र हवाच. घोड्यासाठी हवा. २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटाथलॉन, म्हणजे घोडेस्वारीसह पाच खेळांची एकत्र स्पर्धा, चालू होतं. त्यात घोडा सोडतीत मिळतो, ओळख करून घ्यायला फक्त २० मिनिटं. आघाडीवरच्या जर्मन मुलीला मिळालेला सेंट बॉय अडला, ती रडत चाबूक मारत राहिली, प्रशिक्षक बाईंनी त्याला बुक्की मारली. हे जगानं घरात बसून पाहिलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळातून घोडाच काढून टाकलाय. लाईव्ह नसतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

कृष्णाकाठ
अर्धीच गोष्ट सांगितलीत. २०२४ ला ब्रिटनची ड्रेसाजमधली ऑलिंपिक विजेती शार्लट ड्युजार्डिन हिनं पॅरिसच्या तोंडावर माघार घेतली, नंतर वर्षभराची बंदी आली. घोड्याच्या पायांवर चाबूक मारतानाचा तो व्हिडिओ स्पर्धेचा नव्हता, सरावातला होता. स्पर्धेत कॅमेरा असला की सगळे शहाणे. घोड्याला काय भोगावं लागतं ते तबेल्याच्या आत, तिथं तुमचं लाईव्ह पोचणार नाही. उगाच त्याला प्राणीप्रेमाचा मुलामा देऊ नका. जाहिरात करायचीय, तेवढंच म्हणा.

फलटणकर
चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं, टीव्हीवर लाईव्ह असतं. म्हणून गर्दी कमी झाली? अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणूस जातोच.

कृष्णाकाठ
तिथं श्रद्धेनं जातात हो. जंपिंगवर कुणाची श्रद्धा?

अजिंक्यताऱ्याखालचा
श्रद्धा नाही, म्हणून तर आधी दाखवायला हवं. टोकियोत प्रेक्षकांना बंदी होती. आपला घोडेस्वार फवाद मिर्झा २३ वा आला, तो सगळ्यांनी घरूनच पाहिला. क्रॉसकंट्रीत, म्हणजे मोकळ्या रानातल्या लांब अडथळ्यांच्या फेरीत, तर मैदानावरच्या माणसाला एखाद-दुसरा अडथळाच दिसतो, घरच्याला पूर्ण फेरी दिसते.

मिरजेच्या ताई, तुमच्यासाठी कमेंट बंद ठेवतो आणि संध्याकाळी रेकॉर्डिंग काढून टाकतो. चालेल?

मैदान_कॅमेरा, विटा
काढून उपयोग नाही, साहेब. लोक स्क्रीन रेकॉर्ड करत बसलेले असतात. आमच्या मैदानाच्या क्लिपा आमच्याआधी दुसऱ्यांच्या पेजवर जातात. लहान गट लाईव्हमधून वगळा, नाहीतर वाद वाढतील.

अजिंक्यताऱ्याखालचा
लहान गट वगळला तर दिवसभरात दाखवायला उरतंय काय? मोठे स्वार मोजकेच आहेत.

मिरजेची आई
म्हणजे तुमचं लाईव्ह आमच्याच पोरांवर चालणार. मग फॉर्मवर संमतीचा रकाना ठेवा आणि तो रिकामा सोडणाऱ्याची फी वाढवू नका. मी ‘नाही’ लिहिणार आहे. तिची फेरी आली की कॅमेरा कुठं वळवायचा, ते समितीत ठरवून इथं कळवा.