सर्व्हेत सगळे म्हणतात ॲप छान, मग फॉर्म अर्धवट का सोडतात?

निळी_शाई:
आमच्या ॲपमध्ये नोंदणीचा फॉर्म आहे, चार स्क्रीनचा. ॲनालिटिक्समध्ये (ॲपच्या वापराच्या आकडेवारीत) स्पष्ट दिसतंय की तिसऱ्या स्क्रीनवर बरेच लोक सोडून जातात, म्हणून सर्व्हे पाठवला तर बहुतेकांनी लिहिलंय "सोपं आहे", "काही अडचण नाही". वर अर्ध्या लोकांनी डार्क मोड मागितलाय! आता मी म्हणतेय की चार-पाच लोकांना समोर बसवून वापरायला देऊ, पण मॅनेजरचं म्हणणं की पाच जणांवरून काय कळणार, सर्व्हेच अजून मोठा करू. कोणी हे केलंय का? नक्की कसं करायचं?

उंबरठा:
सर्व्हे मोठा करून काही होणार नाही, तेच उत्तर जास्त लोकांकडून येईल बस. आणि एक बघ, सर्व्हे भरला कोणी? जे फॉर्म पूर्ण करून आत आले त्यांनीच ना? जे सोडून गेले ते तुझ्या यादीत बहुधा नाहीतच.

दुसरं म्हणजे माणसाला स्वतःच्या वागण्याचं कारण नीट सांगता येत नाही, निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्येच यावर लिहून ठेवलंय, लोक कारण सांगतात पण ते बरेचदा नंतर जुळवलेलं असतं. म्हणून विचारण्यापेक्षा बघणं. मी अशाच एका टेस्टला, म्हणजे लोकांना ॲप वापरताना बघायला, बसलो होतो, बाईंनी जन्मतारीख टाकली, "पुढे" बटण राखाडीच राहिलं, त्यांनी दोनदा दाबलं, मग स्क्रीन वर-खाली केली, मागे गेल्या, परत आल्या, तारीख पुसून तीच तारीख परत टाकली. वर्ष चार आकडी हवं होतं, पण तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. शेवटी विचारलं कसं वाटलं, तर म्हणाल्या "छान आहे, मलाच जरा वेळ लागला". आता हे सर्व्हेत कसं येणार सांग.

खिडकीपाशी:
+1. करताना माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टास्क, म्हणजे त्यांना करायला दिलेलं काम, कसा सांगतेस ते. बटणावर "नोंदणी करा" असेल तर टास्कमध्ये तो शब्द अजिबात वापरायचा नाही, नाहीतर लोक फक्त तो शब्द शोधतात. "तुम्हाला ही सेवा उद्यापासून हवी आहे, काय कराल?" असं काहीतरी सांग. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा म्हणायचं आणि मग आपण गप्प. हे गप्प बसणंच अवघड जातं, माणूस अडकला की आपल्या तोंडून "वरती बघा ना" निघतंच, आणि ते निघालं की ती जागा वाया गेली. त्यांनी विचारलं "इथे दाबू का?" तर "मी नसतो तर काय केलं असतं?" एवढंच. ऑफिसातले लोक घेऊ नकोस, त्यांना सगळं आधीच माहिती असतं. रेकॉर्डिंग करणार असशील तर आधी परवानगी घे.

निळी_शाई:
हे भारी आहे, थँक्स! पण मॅनेजरला पाचचा आकडा कसा पटवू?

उंबरठा:
नील्सन आणि लँडावर या संशोधकांचं अशा टेस्टबद्दलचं 1993 चं गणित दाखव. एक माणूस सरासरी 31 टक्के अडचणी उघड करतो असं धरलं तर पाच जणांत साधारण 85 टक्के सापडतात, पुढे त्याच त्याच दिसायला लागतात.

मोजपट्टी:
इथे जरा थांबा. ते 31 टक्के म्हणजे त्यांनी पाहिलेल्या प्रोजेक्ट्सची सरासरी, तुमच्या ॲपला तेच लागू होईल असं नाही. दहात एकालाच येणारी अडचण असेल तर पाच जणांत ती एकदा तरी दिसायची शक्यता जेमतेम 41 टक्के. शिवाय पाचातले तीन अडकले म्हणून "60 टक्के युजर अडकतात" असं प्रेझेंटेशनमध्ये कृपया लिहू नका, मला याचा खरंच त्रास होतो, कारण पुढे सगळे निर्णय त्या आकड्यावर होतात. किती लोक जातात हे ॲनालिटिक्स सांगतंय, का जातात ते टेस्ट सांगेल, दोन्ही वेगळी कामं आहेत. मॅनेजरला असं सांगा की पंधरा जण एकदम घेण्याऐवजी पाच-पाचच्या तीन फेऱ्या करू, प्रत्येक फेरीनंतर दुरुस्ती. म्हणजे दुरुस्ती चालली का हेही कळतं. आणि नवखे वापरणारे आणि सराईत असे वेगळे गट असतील तर प्रत्येक गटातून लोक घ्या.

खिडकीपाशी:
आणि मॅनेजरलाच एका सेशनला बसव, मागे, न बोलता. एखाद्याला तिसऱ्या स्क्रीनवर अडकलेलं डोळ्यासमोर बघितलं की पटवायला फार काही लागत नाही.

निळी_शाई:
ओके, फेऱ्यांचं त्यांना पटेल असं वाटतंय. पहिल्या फेरीत फॉर्म सोडून गेलेल्यांपैकीच काही जण मिळवायचा प्रयत्न करते, पहिल्या स्क्रीनवर नंबर घेतो आम्ही, आणि संपर्काची परवानगीही तिथेच घेतो. टास्क लिहून झाले की इथे टाकते, बघून सांगा.